आजूबाजूचा आवाज शून्य

बुधवारी सकाळी आत्याने मला स्वयंपाकघरातून फोन केला, तेव्हा मी स्वयंपाकघरातच होतो. तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून मी दुधाकडे पाहत होतो. खिशात फोन थरथरला, पडद्यावर 'आत्या' अशी अक्षरे उमटली, आणि प्रत्यक्ष आत्या समोर उभी राहून माझ्याकडे रोखून पाहत होती.

"उचल ना!" ती म्हणाली.

मी उचलला.

"आता बोल काहीतरी."

"काय बोलू?" मी फोनमध्ये विचारले.

"आलं! ऐकू आलं!" तिने टाळी वाजवली. "फोनमधून येतंय. नुसता बोललास की काही नाही. मघापासून तू काही बोललास का?"

मी काहीच बोललो नव्हतो. मी सहसा बोलत नाही. परंतु एखाद्याचे मौन हे त्याचे स्वतःचे आहे की समोरच्याच्या कानांचे, हे ओळखता येऊ नये, ही गोष्ट मला विलक्षण उदास करून गेली. त्या उदासीत दूध उतू गेले.

झाले होते ते असे. आत्याच्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी श्रवणयंत्रे असतात आणि त्यांची सारी सूत्रे तिच्या मोबाइलमधील एका ॲपच्या हाती असतात. त्या ॲपमध्ये एक आडवी पट्टी आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'आजूबाजूचा आवाज'. पट्टीवरचे टिंब उजवीकडे नेले की जग मोठ्याने बोलते, डावीकडे नेले की हळू. अगदी डावीकडे नेले की जग गप्प होते आणि केवळ फोन तेवढा थेट कानात ऐकू येतो. मंगळवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरकाकांनी आपल्या घराच्या जुन्या फरशा फोडायला घेतल्या, तेव्हा आत्याने ते टिंब शून्यावर नेऊन ठेवले आणि हातात पुस्तक घेऊन ती खुर्चीत अशी काही विसावली, की मला तिचा हेवा वाटला. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना ही सोय नाही.

बुधवारी सकाळी ती टिंब परत उजवीकडे न्यायला गेली, तर ॲप उघडेना. म्हणजे उघडे, परंतु स्वतःचे नाव दाखवून लगेच मिटे. पुन्हा बोट लावले की पुन्हा क्षणभर चेहरा दाखवी आणि लाजून आत जाई. मला त्याचा स्वभाव ओळखीचा वाटला. मी ते माझ्या फोनवर घालून पाहिले, तर तिथेही तोच प्रकार. दोन्ही फोनांना एकाच रात्रीत एकच बाधा झाली होती. यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली, पण ती शेवटची सेटिंग लक्षात ठेवण्याइतकी हुशार निघाली. शून्य म्हणजे शून्य.

एरवी चार-आठ दिवस आम्ही असेच काढले असते. पण शनिवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि आत्या तिची परीक्षक होती.

हे पद तिच्यासाठी काय होते, ते सांगायला हवे. त्या शाळेत तिने एकतीस वर्षे मुलांना उभे राहून बोलायला शिकवले. निवृत्तीनंतरही दरवर्षी परीक्षक म्हणून तिलाच बोलावणे येई. मग दोन वर्षांपूर्वी एका मुलाने भाषणात परिणामासाठी दीर्घ विराम घेतला; आत्याला वाटले, संपले. तिने टाळ्या वाजवल्या, तिचे पाहून सभागृहाने वाजवल्या, आणि तो मुलगा आपली उरलेली अर्धी क्रांती पोटात घेऊन खाली उतरला. त्यानंतर बोलावणे आले नाही. यंदा, नवी यंत्रे बसवल्याचे कळल्यावर, पुन्हा आले होते. ते पत्र तिने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले होते. केस विंचरताना ती आधी पत्राकडे पाही, मग स्वतःकडे.

सकाळी दहाच्या सुमारास इंजिनियरकाका आपण होऊन खाली आले. अंगावर फरशांची पांढरी धूळ असल्याने ते आपल्याच पुतळ्यासारखे दिसत होते.

"फार त्रास होतोय का हो आवाजाचा?" त्यांनी आत्याला विचारले.

आत्याने त्यांच्या ओठांकडे पाहिले आणि प्रसन्नपणे म्हणाली, "छान! शोभून दिसतील."

मी हलक्या आवाजात त्यांना सारा प्रकार सांगितला. काकांनी आत्याचा फोन उलटसुलट केला, तळहातावर तोलून पाहिला, गालाला लावला. ते स्वतः बटणांचा जुना फोन वापरतात आणि त्यामुळे स्मार्टफोनविषयी त्यांची मते अत्यंत निर्मळ राहिली आहेत.

"तापलाय," ते म्हणाले. "विजेच्या वस्तूचं दुखणं एकच. उष्णता. चाळीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळलेत मी. फ्रीजमध्ये ठेव दहा मिनिटं."

"काका, पण फ्रीजमध्ये..."

"दहा मिनिटं. जास्त नाही. जास्त ठेवलास तर मी जबाबदार नाही."

मोठ्या माणसांना 'नको' म्हणण्यासाठी जो एक स्नायू लागतो, तो माझ्यात जन्मतःच नाही. मी फोन फ्रीजमध्ये ठेवला. लोणी आणि अंडी यांच्यामध्ये तो मला फार एकाकी वाटला.

चौथ्या मिनिटाला आत्या एकाएकी ताठ झाली. "वाजतोय!" म्हणत तिने इकडे तिकडे पाहिले. कानात घंटी वाजत होती, पण फोन कुठेच दिसत नव्हता. मी फ्रीजकडे बोट दाखवले. तिने माझ्याकडे जे पाहिले ते मी लिहीत नाही. तिने दार उघडले, लोण्याशेजारी निजलेल्या फोनवरचे हिरवे वर्तुळ दाबले आणि दाराला धरून ती फ्रीजच्या आत बोलू लागली.

"अगं, बोल बोल! हो, मीच." फ्रीजचा पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. पलीकडे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या तिच्याच विद्यार्थिनी. "ऐकू येतंय का म्हणजे? अगं, तुझ्या शेजारी कुणीतरी कागद फाडतंय तेसुद्धा ऐकू येतंय मला. ... समितीला काय शंका आहे? ... हं. ... हं. समितीला म्हणावं, यंदा शेवटच्या बाकावरची कुजबुजही सुटणार नाही बाईंच्या कानातून. हो. शनिवारी अकरा. ठेवते."

तिने फ्रीजचे दार लावले. काका कौतुकाने म्हणाले, "बघ! गार झाल्याबरोबर चालू झाला."

ते वर गेल्यावर मी माझ्या फोनवरून तिला फोन केला. ती समोरच्या खुर्चीत होती.

"आत्या, तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"जे विचारलं ते खरंच सांगितलं. ऐकू आलंच होतं की." मग थोडा वेळ ती बोटाने टेबलावरचा दुधाचा डाग पुसत राहिली. "यंदा नाही म्हटलं ना, तर पुन्हा नाही विचारणार रे कुणी. दोनदा नाही विचारत माणसाला."

 फोनवर मौन फार महाग वाटते, म्हणून मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.

गुरुवारी मी ग्रंथालयातून रजा घेतली. तिथे मी सूचिपत्र विभागात काम करतो. शांततेसाठी पगार देणारी जगात थोडी ठिकाणे आहेत, त्यांपैकी ते एक. आधी मी यंत्रांच्या कंपनीच्या मदतसेवेला फोन लावला. एका मधुर ध्वनिमुद्रित स्त्रीने सांगितले, "कृपया आपली अडचण स्पष्ट शब्दांत सांगा."

मी सांगितली.

"क्षमा करा. आपला आवाज ऐकू आला नाही."

मी पुन्हा सांगितली. श्रवणयंत्रांच्या कंपनीलाच ऐकू येऊ नये, यात एक खोल व्यथा होती, आणि तिसऱ्या वेळी ती माझ्या आवाजात उतरली असावी. कारण या वेळी बाईंनी क्षमासुद्धा मागितली नाही. शेवटी आत्याने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि प्रार्थनेच्या मैदानावर लावायची तो आवाज लावला: "ॲप! बंद! पडतंय!"

यंत्र क्षणभर दचकले असावे. मग म्हणाले, "धन्यवाद. आपण 'नवीन खरेदी' हा पर्याय निवडला आहे."

त्यानंतर दोन दिवस, दर तासाला, नव्या यंत्रांच्या जाहिरातींचे संदेश येत राहिले.

दुपारी आम्ही यंत्रे बसवली होती त्या कानाच्या दवाखान्यात गेलो. खरे तर यंत्रांच्या पाठीला एक चिमुकले बटण आहे, ज्याने ॲपशिवायही आवाज बदलता येतो. परंतु केस विंचरताना ते आत्याच्या हातून दाबले जाई, म्हणून तिनेच चार महिन्यांपूर्वी अर्ज करून ते निकामी करून घेतले होते. ते पुन्हा सजीव करावे, एवढीच आमची मागणी होती. टोकन क्रमांक बावीस. खिडकीतल्या बाईंनी आमची फाइल काढली, त्यातला जुना अर्ज पाहिला आणि दुसऱ्याच्या चुकीने माणूस जसा सुखावतो तशा त्या सुखावल्या.

"बटण चालू करायचंय? मग फॉर्म ब. आधी तोंडी समुपदेशन होतं. मी सूचना वाचून दाखवणार, त्यावर पेशंटनी 'ऐकलं आणि समजलं' असं म्हणायचं. मग सही."

"पण तिला ऐकू येत नाहीये," मी म्हणालो.

"म्हणूनच आलात ना?"

"हो. बटण चालू झालं की ऐकू येईल."

"आणि ऐकू आलं की बटण चालू होईल," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी कसलाही विनोद मनात न आणता उच्चारले. सर्व थोर विनोद याच वृत्तीने उच्चारले जातात.

"मी तिला इथूनच फोन लावतो. तुम्ही माझ्या फोनमध्ये वाचून दाखवा. तिला अगदी..."

बाईंनी पेनाच्या टोकाने वरची पाटी दाखवली. येथे मोबाइल वापरण्यास सक्त मनाई आहे.

"कागदावर लिहून दाखवलं तर?"

"तोंडी आहे, तोंडी. लेखी असतं तर लेखी लिहिलं असतं."

"काय म्हणतेय ही?" आत्याने मागून विचारले. तो आवाज भिंतींवर आपटून परत आला. मी शरमेने मान खाली घातली. मात्र प्रतीक्षागृहातील अकरा माणसांपैकी एकानेही वळून पाहिले नाही, आणि आपण योग्य ठिकाणी आलो आहोत याचे मला क्षणभर समाधान वाटले.

"तज्ज्ञ मॅडम भेटतील का?"

"भेटतील. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या."

परतताना आत्या बसच्या खिडकीतून बाहेर पाहत होती. रस्त्यावर कुणीतरी पत्र्याचे पिंप गडगडत नेत होते, गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि ती त्या सगळ्याकडे मुका चित्रपट पाहावा तशी पाहत होती. मी तिच्या शेजारी बसून तिला फोन लावला.

"काय रे?"

"काही नाही. सहज."

"मग बोल ना सहज."

आणि आश्चर्य म्हणजे, मी बोललो. सात थांबे बोललो. समोरच्या माणसाकडे पाहायचे नसले की मला पुष्कळ काही सांगण्यासारखे आहे, हे मला त्या दिवशी समजले. समोरच्या बाकावरची दोन माणसे मात्र, शेजारीशेजारी बसून एकमेकांशी फोनवर बोलणाऱ्या आम्हा दोघांकडे पाहून उठून मागे गेली.

शुक्रवारी संध्याकाळी अखेर मी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. ते दुकान एका कपाटाएवढे होते आणि तो त्यात खणासारखा बसला होता. मी तोंड उघडण्यापूर्वीच तो म्हणाला, "ॲप उघडतं आणि बंद पडतं?"

"हो. तुम्हाला कसं..."

"परवापासून अठरावा फोन. कुणाचं बँकेचं ॲप, कुणाचं बसच्या तिकिटाचं. ॲपचा काही दोष नाही साहेब. फोनच्या पोटात एक सेवा असते. दिसत नाही ती. पण बाकीच्या ॲपना पडद्यावर काही दाखवायचं असलं ना, की तिच्या मदतीने दाखवतात. ती मंगळवारी रात्री आपोआप अपडेट झाली आणि नवं रूप निघालं बिघडलेलं. आता तिच्या दारात जो जातो, तो पडतो."

मी मनाशी म्हणालो, कुणाच्या लक्षातही नसलेले, मागल्या दाराने सगळ्यांचे काम करणारे असे कुणीतरी प्रत्येक घरात असते. ते एका सकाळी रुसले की मग साऱ्या घराला त्याचे नाव शोधावे लागते. तोवर दुरुस्तीवाल्याने सेटिंगमधल्या सात दारांतून आत जाऊन त्या सेवेचे नवे अपडेट काढून टाकले आणि जुनी आवृत्ती परत आणली होती.

"आता बंद करून चालू करतो. फोन जुना आहे, अर्धा तास घेईल. आपोआप अपडेट होणंही थांबवून ठेवलंय. फक्त एक करा. कंपनी दुरुस्त अपडेट पाठवेपर्यंत हाताने कुणी अपडेट दाबू नका. आत्यांना नीट सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

अर्ध्या तासाने ॲप उघडले आणि उघडेच राहिले. आत्याने दुकानाच्या पायरीवर उभे राहून टिंब हळूहळू उजवीकडे नेले. तिच्या चेहऱ्यावर एकेक आवाज उतरताना मला दिसत होता: झाडूचा, सायकलच्या घंटीचा, पलीकडे शटर ओढल्याचा.

"तुझा बूट करकरतोय रे," ती थोडे चालल्यावर म्हणाली. "केव्हापासून?"

"दोन वर्षं."

"सांगायचं नाही का?"

ती इतक्या आनंदात होती, की घरी पोचेपर्यंत तिला कशाचीही मनाई करण्याचे माझे धाडस झाले नाही. उद्या सकाळी सांगू, असे मी ठरवले. मुखदुर्बळ माणसाच्या आयुष्यातील सर्व अनर्थ याच वाक्याने सुरू होतात.

कारण शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता इंजिनियरकाकांनी न्हाणीघराच्या फरशांना हात घातला. आत्याने शांतपणे टिंब शून्यावर नेले. एकतीस वर्षे तिने कुणाची वही तपासल्यावाचून ठेवलेली नाही; काम पडून राहिलेले तिला पाहवत नाही. आणि त्या शांततेत, फोनच्या एका कोपऱ्यात, तिला लाल वर्तुळातला आकडा दिसला: १७.

मी आंघोळ करून आलो तेव्हा ती केस विंचरत होती. मला पाहताच म्हणाली, "सतरा कामं पडून होती बघ फोनमध्ये, अपडेटची. कालपासून वाट बघत होती बिचारी. सगळी उरकली एकदाची."

मी धावत जाऊन ॲपला बोट लावले. त्याने स्वतःचे नाव दाखवले आणि ते लाजून आत गेले.

शाळेच्या सभागृहात आम्ही अकराला दहा कमी असताना पोचलो. दुरुस्तीवाल्याने केले तेच मला करता आले असते. सातही दारे मला पाठ होती, पण घाबरलेल्या मला ती आठवली ती बस शाळेपाशी आल्यावर. आता ती उघडली असती, तर फोन अर्धा तास मूर्च्छेत जाणार होता, आणि तेवढा वेळ तर आत्याशी बोलण्याची ही एक वाटही बंद होणार होती. मंचावर टेबलामागे दोन परीक्षक आधीच बसले होते: एक वकीलसाहेब आणि एक निवृत्त वृत्तनिवेदक. मुख्याध्यापिका हसत पुढे येत होत्या. आत्याने माझ्या दंडाला धरले. 

"मी सांगते तिला," ती पुटपुटली. "बरं नाही म्हणून सांगते. चल."

 मी खिशातून फोन काढून तिला लावला.

"आत्या," मी म्हणालो, "हा चालू ठेव. बंद करू नकोस. तू जाऊन बस."

माझी योजना साधी होती. तिचा फोन तिच्या पर्समध्ये, माझा भाषणाच्या उंच टेबलावर, माइकच्या खाली. मुले माइकमध्ये बोलतील, माझा फोन ऐकेल, आणि आवाज थेट आत्याच्या कानात जाईल. कुणालाही कळणार नाही. विषय होता, 'मला आवडलेले एक यंत्र'. पहिल्या वक्त्याने अग्निबाण घेतला होता आणि उड्डाणाच्या वेळी त्याने टेबलावर अशी मूठ आपटली, की माझा फोन घसरून लाकडी मंचावर पडला. आत्या खुर्चीतून चार बोटे उडाली. वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग निवेदकांकडे पाहिले.

आत्याने हाताने खूण केली: धर तो.

म्हणून मी मंचावर गेलो. टेबलाच्या बाजूला उकिडवा बसलो आणि उजवा हात उंच करून फोन वक्त्याच्या हनुवटीखाली धरला. चारशे मुले माझ्याकडे पाहत होती. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "माइकवाले काका, थोडं इकडे सरका, बॅनर झाकला जातोय." माझे वय सव्वीस आहे. मी सरकलो.

अकरा यंत्रे माझ्या डोक्यावरून गेली. संगणक, रोबो, पुन्हा रोबो. उजवा हात भरून आला की मी डावा करी. बाराव्या क्रमांकाची मुलगी इतकी लहान होती, की माइक तिच्या कपाळाच्याही वर राहिला. तिने टाचा उंचावून पहिला शब्द उच्चारला तोच माइक किंचाळला. मुले हसली. ती एक पाऊल मागे सरली आणि उरलेले सारे भाषण तिने आपल्या बुटांना सांगितले.

सभागृहाला काहीच ऐकू येत नव्हते. मागच्या रांगांत गलबला सुरू झाला. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवले. मी मात्र तिच्याबरोबर सरकलो होतो, माझा हात तिच्या हनुवटीशी होता, आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. टेबलापलीकडे बसलेली आत्याही पुढे झुकली होती.

स्पर्धा संपली. गुणांचे कागद एकत्र आले. मी फोन हातात घेऊन परीक्षकांच्या मागे उभा राहिलो, म्हणजे आत्याला त्यांचे बोलणे कळावे.

"बारा नंबरला बाईंनी सगळ्यात जास्त गुण दिलेत," निवेदक हळूच म्हणाले.

वकीलसाहेब त्याहून हळू म्हणाले, "अहो, अंदाजे दिलेत. ओठ हलताना दिसले, दिले टाकून. बाईंना ऐकू येत नाही हे मी दोन वर्षांपूर्वीच ओळखलंय. आपण वगळूया त्यांचे गुण."

ते हे वाक्य माझ्या फोनपासून एका विटेच्या अंतरावर बोलले.

आत्या उठली. मुख्याध्यापिका काही विचारणार, तोच ती माइकपाशी पोचली होती. तिने माइक आपल्या उंचीला आणला. सभागृह शांत झाले. त्या आवाजापुढे ते नेहमीच शांत होत असे.

"बारा नंबर," ती म्हणाली, "काय बोलली ते तुमच्यापैकी कुणी ऐकलं नाही. ऐका. 'मला आवडलेलं यंत्र म्हणजे आमच्या घरातला टेबलपंखा. आमच्याकडे माणसं सहा आणि पंखा एक. कुणी काहीही विचारलं, सहलीला जाऊ का, नवी चप्पल घेऊ का, की आधी तो मान हलवून नाही म्हणतो. आईला नाही, आजोबांना नाही, मला नाही. पण नाही म्हणताना प्रत्येकाला वारा देतो. माझे बाबासुद्धा तसेच आहेत.'"

सभागृहात हसू फुटले आणि शेवटच्या वाक्याशी थबकले. आत्या थांबली नाही. तिने ते भाषण शेवटपर्यंत सांगितले. पंख्याची जाळी पुसताना बोट कसे अडकले ते सांगितले, आणि पंखा बिघडला त्या दोन दिवसांत घरातले सगळे एकमेकांना वर्तमानपत्राने वारा घालत होते तेही सांगितले. पहिल्या रांगेत बसलेल्या त्या मुलीची मान हळूहळू बुटांवरून वर आली.

टाळ्या थांबल्यावर वकीलसाहेब उभे राहिले. वकील हा कोर्टाबाहेरही प्रथम पुरावाच मागतो. "बाई, फार सुंदर. पण ती मुलगी हेच बोलली, कशावरून? आम्ही तर ऐकलं नाही."

आत्याने माझ्या दिशेने बोट केले. "हा होता तिथे. हाताच्या अंतरावर."

चारशे मुलांनी माइकवाल्या काकांकडे पाहिले. मुख्याध्यापिकांनी मला माइकपाशी नेले. 

"हो," मी म्हणालो.

"साक्षीदारानं जरा मोठ्यानं सांगावं," वकीलसाहेब म्हणाले.

मी आत्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती खाली मान घालून पर्समधल्या फोनवर हात ठेवून उभी होती. माझा फोन अजून माझ्या मुठीत, तोंडापाशी होता. मी डोळे मिटले आणि बसमध्ये बोललो होतो तसा बोललो.

"हो. ती हेच बोलली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि ते आत्यानेच ऐकलं, कारण ऐकायला तीच बसली होती. तुम्ही पेन खाली ठेवलं होतं."

 मग निवेदकांना हसू आवरेना. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे बहिरे आम्ही ठरलो म्हणायचं," ते म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी आपल्या कागदावरचा बारा क्रमांकाचा भोपळा खोडला.

बक्षीस वाटप झाले. टेबलपंखा पहिला आला. गर्दी ओसरू लागली तशा मुख्याध्यापिका आत्याकडे आल्या, तिचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "बाई, पुढच्या वर्षीही तुम्हीच हव्यात. याल ना?"

दोन वर्षे आरशासमोर ज्या प्रश्नाची वाट पाहिली गेली होती, तो हा प्रश्न. मी माझ्या फोनकडे पाहिले. पडदा काळा होता. बॅटरी केव्हाच संपली होती.

आत्याने मुख्याध्यापिकांच्या ओठांकडे प्रेमाने पाहिले. कार्यक्रम संपल्यावर हात हातात घेऊन माणसे एकच गोष्ट विचारतात, असा तिचा दीर्घ अनुभव आहे.

"अर्धा कप," ती म्हणाली. "साखर नको."

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या.

"येणार म्हणतेय," मी सांगितले. मग थोडे थांबून, कुणी विचारलेले नसताना, आणखी म्हणालो, "आणि चहा मलाही चालेल. पूर्ण कप."